फिजिशियन असिस्टंटचा अर्ज: इथे मेरिट लिस्ट लागत नाही

लातूर-नांदेडच्या शिकवण्यांच्या गल्ल्यांतून गेलेल्या लेकरांना प्रवेश म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. परीक्षा, मार्क, रँक, राऊंड, कॉलेज. या वाटेनं फार थोडे एमबीबीएसपर्यंत पोचतात. बाकीचे बीएएमएस, बीडीएस, नर्सिंग, फिजिओथेरपी करतात आणि कामाला लागतात. त्यातल्या काही जणींचं लग्न अमेरिकेतल्या मुलाशी होतं, काही जण स्वतःच बाहेरची वाट शोधू लागतात, आणि मग कुठून तरी ‘फिजिशियन असिस्टंट’ (पीए) हे नाव कानावर येतं. मला विचारणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो: ‘एन्ट्रन्स कोणती द्यायची आणि कटऑफ किती लागतो?’

अमेरिकेतल्या पीए प्रवेशाला अशी एक एन्ट्रन्स नाही आणि सगळ्यांची एक गुणवत्ता यादीही लागत नाही. तुमची फाइल कॉलेजात जाते, तिथली प्रवेश समिती ती वाचते, आवडली तर मुलाखतीला बोलावते. एवढा फरक मनात नीट बसला की बाकीची प्रक्रिया लांबलचक असली तरी अवघड वाटत नाही. तो बसला नाही, तर हुशार माणूसही वर्ष आणि पैसा दोन्ही चुकीच्या ठिकाणी घालवतो.

पीए म्हणजे कोण ते आधी बघू. डॉक्टरांच्या जोडीनं काम करणारा हा परवानाधारक व्यावसायिक रुग्ण तपासतो, निदान करतो, औषधं लिहून देतो, ऑपरेशनमध्ये सर्जनला मदत करतो. १९६५ साली ड्यूक विद्यापीठात डॉ. युजीन स्टेड यांनी पहिली तुकडी सुरू केली. त्यात चौघे होते आणि चौघेही नौदलात वैद्यकीय सेवेचं काम करून आलेले. जखमी माणसं हाताळून आलेल्यांना नीट वैद्यकीय शिक्षण दिलं, तर डॉक्टरांचा तुटवडा काही प्रमाणात भरून निघेल, हा त्यामागचा विचार होता. त्यातले तिघे १९६७ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडले. हा इतिहास सांगायचं कारण असं, की आजही या अभ्यासक्रमाला अनुभवी माणूस हवा असतो. रुग्णाला हात लावून आलेला, आणि आता पुढचं शिकायला बसणारा.

आधी दार उघडं आहे का ते बघा

अमेरिकेत मान्यताप्राप्त पीए कार्यक्रम ३०० च्या आसपास आहेत. मान्यता देणारी संस्था एआरसी-पीए. पदवी मास्टर्सची, कालावधी सरासरी २७ महिने. पण भारतातली पदवी घेऊन बसलेल्या माणसाला हे सगळे ३०० खुले नसतात. काही कॉलेजं परदेशी पदवी स्वीकारतच नाहीत. काही पदवी स्वीकारतात, पण विद्यार्थी व्हिसासाठी कागद देत नाहीत, त्यांना ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्वच लागतं. काही म्हणतात, पदवी चालेल, पण इतके क्रेडिट अमेरिकेतल्या कॉलेजात करून या. एकाच शहरातल्या दोन कॉलेजांचे नियम वेगळे निघतात.

म्हणून कुठल्याही एजंटला एक रुपया देण्याआधी कॉलेजची वेबसाइट स्वतः वाचा आणि प्रवेश विभागाला साधा ई-मेल पाठवा. माझ्याकडे भारतातली अमुक पदवी आहे, माझा व्हिसा अमुक प्रकारचा आहे, मला अर्ज करता येईल का, आणि आवश्यक विषय अमेरिकेतच करावे लागतील का? इतकंच विचारा. उत्तर लेखी येतं, ते जपून ठेवा. यादी झपाट्यानं लहान होईल, पण जी उरेल ती खरी असेल.

इथेच एक गैरसमज दूर करते. भारतात एमबीबीएस केलेल्यालाही पीए होण्यासाठी सूट नाही, आणि भारतात पीएचा कोर्स केलेल्यालाही नाही. अमेरिकेत परवान्यासाठी जी पॅन्स परीक्षा द्यावी लागते, तिला एआरसी-पीएची मान्यता असलेल्या कार्यक्रमातून पदवी घेतलेलेच बसू शकतात. ‘इथे पीए करा, थेट अमेरिकेत नोकरी’ असं कुणी सांगत असेल तर तिथून उठून या.

रुग्णाजवळचे तास

बहुतेक कॉलेजांचा अर्ज भरायचा तो कॅस्पा या सामाईक पोर्टलवर. त्यात अनुभवाचे रकाने वेगवेगळे असतात, आणि आपल्याकडची माणसं नेमकी इथे गोंधळतात. ‘पेशंट केअर एक्स्पीरियन्स’ म्हणजे रुग्णाच्या सेवेची जबाबदारी थेट तुमच्यावर होती ते काम. नाडी-रक्तदाब बघणं, हिस्ट्री घेणं, इंजेक्शन-सलाईन, ड्रेसिंग, प्रसूतीच्या वेळी मदत. ‘हेल्थकेअर एक्स्पीरियन्स’ म्हणजे तुम्ही दवाखान्यात होता, पण रुग्णाची जबाबदारी तुमच्याकडे नव्हती: काउंटर, केसपेपर, मेडिक्लेमची कागदपत्रं. शिवाय शॅडोइंग, म्हणजे दुसऱ्याचं काम शेजारी उभं राहून बघणं, याचा रकाना वेगळा. स्वयंसेवेचा वेगळा. एका रकान्यातले तास दुसऱ्यात घुसवले की फाइल वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं.

किती तास लागतात? कुठे ५००, कुठे १,०००, कुठे २,००० आणि त्याहून जास्त. काही कॉलेजं किमान आकडा सांगत नाहीत, पण प्रवेश मिळालेल्यांचे तास मात्र भरपूर असतात. आकडा ऐकून घाबरायचं कारण नाही. रोज ८ तास, आठवड्याला ६ दिवस म्हणजे ४८ तास. वर्षातले ४८ आठवडे धरले तर २,३०४ तास होतात. परभणी, हिंगोली, बीडच्या एखाद्या खाजगी दवाखान्यात आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी) म्हणून वर्षभर रात्रपाळी केलेल्या बीएएमएस मुलीकडे, किंवा अंबाजोगाईच्या वॉर्डात काम केलेल्या नर्सकडे, अमेरिकेतल्या बावीस वर्षांच्या अर्जदाराला हेवा वाटावा असा अनुभव असतो. तिला मात्र त्याची किंमत ठाऊक नसते. ती मार्कांची काळजी करत बसते.

त्या अनुभवाचा कागदच नसतो, ही आपल्याकडची मोठी अडचण. लहान दवाखान्यांत पगार रोख, हजेरीपट कच्चा, आणि सोडताना मिळणाऱ्या पत्रात ‘यांनी आमच्याकडे काम केले, त्यांची वर्तणूक चांगली आहे’ एवढंच. या पत्राचा अर्जात काही उपयोग नाही. लेटरहेडवर रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, आठवड्याचे तास, नेमकं काम आणि कुणाच्या देखरेखीखाली केलं, हे सगळं लिहून घ्या. नोकरी सोडायच्या दिवशीच घ्या, दोन वर्षांनी डॉक्टरसाहेबांना आठवत नाही. कॅस्पामध्ये प्रत्येक अनुभवाला वरिष्ठाचं नाव आणि संपर्क मागतात, त्यामुळे त्यांचा चालू ई-मेलही हाताशी ठेवा. रोज ड्यूटी संपली की वहीत दोन ओळी लिहायची सवय लावून घेतली तर फार बरं. चोवीस तासांच्या ड्यूटीतले झोपलेले तास मोजू नका. कॉलेजात असतानाच्या पोस्टिंगचे तास बऱ्याच ठिकाणी धरत नाहीत. इंटर्नशिपचे धरतात का, ते त्या त्या कॉलेजला विचारा.

लग्न ठरलेल्या, अमेरिकेला निघालेल्या मुलींना तर मी हात जोडून सांगते: तास इथेच जमवून जा. एच-४ व्हिसावर, म्हणजे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, तिकडे शिकता येतं, पण वर्क परमिट नसेल तर पगारी काम करता येत नाही. आणि एच-४ वाल्यांना ते परमिट साधारणपणे नवऱ्याच्या ग्रीन कार्डच्या प्रक्रियेतला आय-१४० हा अर्ज मंजूर झाल्यावरच मिळतं. त्याला किती वर्षं लागतील हे तुमच्या हातात नाही. साखरपुडा आणि लग्न यांच्यातले सहा-आठ महिने खरेदीत जातात. त्याच काळात जिल्ह्याच्या ठिकाणी रात्रपाळी केली तर हजार तास सहज जमतात. सासरच्यांना आणि आईवडिलांना हे समजावून सांगावं लागेल. सांगा.

विषय, आणि संस्कृत नावांची अडचण

प्रवेशासाठी काही विषय झालेले असावे लागतात. अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, केमिस्ट्री, बऱ्याच ठिकाणी ऑर्गॅनिक किंवा बायोकेमिस्ट्री, स्टॅटिस्टिक्स, सायकॉलॉजी. काही विषय प्रात्यक्षिकासह हवे असतात, आणि काही कॉलेजं ते अलीकडच्या ठरावीक वर्षांत केलेलेच धरतात.

बीएएमएसवाल्यांसाठी इथे एक खाच आहे. तुम्ही पहिल्या वर्षी शवविच्छेदन केलेलं असतं, हाडं पाठ केलेली असतात, पण गुणपत्रिकेवर विषयाचं नाव ‘रचना शारीर’ असतं. फिजिऑलॉजीच्या जागी ‘क्रिया शारीर’. ओहायो किंवा टेक्सासमधल्या कारकुनाला ते अॅनाटॉमी-फिजिऑलॉजी आहे हे कसं कळणार? विद्यापीठाकडून इंग्रजीतला अधिकृत अभ्यासक्रम मिळाला तर तो सोबत जोडा. तरीही काही कॉलेजं मान्य करत नाहीत. मग उपाय एकच, तिकडच्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजात, हे विषय पुन्हा करायचे. ही वर्षं वाया गेली असं समजू नका. अमेरिकेतल्या वर्गात मिळालेली ताजी ए ग्रेड समितीला परदेशी गुणपत्रिकेपेक्षा जास्त काही सांगते, आणि तिथल्या प्राध्यापकाचं शिफारसपत्रही मिळू शकतं.

तीन वर्षांची बीएस्सी असलेल्यांनी आणखी सावध राहावं. अमेरिकेत बॅचलर्स चार वर्षांची असते. तीन वर्षांची पदवी पूर्ण बॅचलर्स धरायची की नाही, हे परदेशी पदव्यांचं मूल्यांकन करणारी संस्था आणि कॉलेज आपापल्या नियमानं ठरवतात. बीएस्सी नर्सिंग, बीफार्म, फिजिओथेरपी, बीडीएस, बीएएमएस यांना ही अडचण सहसा येत नाही.

टक्केवारीचा जीपीए (चारपैकी सरासरी ग्रेड) स्वतः काढत बसू नका. टक्क्यांना पंचवीसनं भागायचं हा हिशोब तिकडे चालत नाही. डब्ल्यूईएससारखी संस्था विषयवार मूल्यांकन करून देते, तेच धरलं जातं. बहुतेक ठिकाणी किमान ३.० लागतो, स्पर्धा त्याच्या बरीच वर चालते.

कागद

ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांचा अधिकृत कागद, विद्यापीठाकडूनच जावं लागतं. आरोग्य शाखेतल्यांचं विद्यापीठ नाशिकचं, म्हणजे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. बीएस्सीवाल्यांचं संभाजीनगरचं किंवा नांदेडचं. अर्ज, फी, कॉलेजची पत्रं, फेऱ्या, मग मूल्यांकन संस्थेकडे रवानगी, मग त्यांचा अहवाल. याला महिने लागतात. कॅस्पाचं नवं चक्र दरवर्षी एप्रिलच्या अखेरीस उघडतं, आणि बहुतेक कॉलेजं अर्ज येतील तसे वाचतात, जागा भरत जातात. अंतिम तारीख डिसेंबरची असली तरी जुलैत आलेल्या फाइलला जागा जास्त शिल्लक असतात. म्हणजे एप्रिल-मेमध्ये अर्ज करायचा तर ट्रान्सक्रिप्टचं काम आदल्या दिवाळीला सुरू झालं पाहिजे. वर्ग त्याच्या पुढच्या वर्षी भरतो.

नावाचं बघा. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग मुलीचं नाव, मग वडिलांचं. पदवीवर तेच, पण एखादं अक्षर वेगळं. पासपोर्टवर लग्नानंतर नवऱ्याचं नाव आणि आडनाव. आपल्याला ती एकच मुलगी दिसते, पण तिकडच्या संगणकाला तीन वेगळ्या व्यक्ती दिसतात. राजपत्रातली नावबदलाची नोंद, विवाह प्रमाणपत्र, आणि गरज पडल्यास दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, हे देश सोडायच्या आधी करून ठेवा. कॅस्पामध्ये आधीचं नाव लिहायची सोय असते, ती वापरा.

शिफारसपत्रं बहुतेक ठिकाणी तीन लागतात. आपल्याकडे सर म्हणतात, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ प्रेमानं म्हणतात, पण तसं करू नका. कॅस्पा शिफारस करणाऱ्याच्या ई-मेलवर थेट दुवा पाठवतं, पत्र तेच चढवतात, आणि ते बघण्याचा हक्क तुम्ही सोडला की मजकूर गुप्त राहतो. तिन्ही पत्रांची भाषा एकाच हाताची असेल तर ते झाकत नाही. त्याऐवजी सरांसमोर बसा, तुम्ही एकत्र बघितलेले दोन-तीन रुग्ण त्यांना आठवून द्या, आणि म्हणा, ‘सर, यातलं तुम्हाला जे आठवतं तेच लिहा.’ दोन पानांच्या कौतुकापेक्षा ‘ही रात्री तीनला फोन करायला घाबरत नव्हती, आणि विनाकारण कधी करतही नव्हती’ हे एक वाक्य जास्त वजनाचं. एक पत्र पीएचं असलं तर उत्तम.

पण पीए भेटणार कुठे? मराठवाड्यात शोधून सापडणं कठीण. भारतात हा अभ्यासक्रम १९९२ मध्ये चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये डॉ. के. एम. चेरियन यांच्या पुढाकारानं सुरू झाला, आणि आजही ही मंडळी दक्षिणेकडे जास्त दिसतात. अमेरिकेत गेल्यावर ओळखीपाळखीतून, आपल्या फॅमिली डॉक्टरच्या क्लिनिकमधून शॅडोइंग मिळतं. विचारायला संकोच करू नका.

निबंध

कॅस्पाचं स्वतःबद्दलचं निवेदन ५,००० अक्षरांचं, मोकळ्या जागा धरून. पान-दीड पान. प्रश्न साधा असतो: तुम्हाला पीएच का व्हायचं आहे? ‘लहानपणापासून रुग्णसेवेची आवड होती’ हे वाक्य हजारो अर्जांत असतं. ते खोटं नसतं, पण त्यातून तुम्ही दिसत नाही.

समजा, जिंतूरकडची एक रात्र आहे. सोयाबीन काढणीचे दिवस. शेतात साप चावलेल्या माणसाला मोटारसायकलवर मधोमध बसवून आणलंय, पायाला वर घट्ट फडकं बांधलेलं. ड्यूटीवर तुम्ही. डॉक्टर घरून निघालेत. तुम्ही कोरड्या काचेच्या टेस्ट ट्यूबमध्ये रक्त घेऊन ती न हलवता २० मिनिटं ठेवता. या २० मिनिटांत नातेवाईक तीनदा विचारतात, इंजेक्शन का देत नाही? तुम्ही त्यांना काय सांगितलं? फडकं एकदम का सोडलं नाही? ट्यूब तिरकी केल्यावर रक्त गोठलेलं नाही, म्हणजे विषाचा असर रक्तावर झालाय, हे दिसलं, तेव्हा फोनवर डॉक्टरांना कोणत्या शब्दांत सांगितलं? आणि नंतर कशाची हुरहूर लागली, कोणती गोष्ट आपल्याला येत नाही असं वाटलं?

हे लिहा. यात तुमचं ज्ञान दिसतं, तुम्ही वरिष्ठांसोबत कसं काम करता ते दिसतं, आणि पीएचं काम तर नेमकं हेच असतं: स्वतः विचार करणं आणि डॉक्टरांशी सतत बोलत राहणं. तुम्ही न केलेलं मात्र एकही काम केलं म्हणून लिहू नका. मुलाखतीत त्यावरच प्रश्न येतो. ‘डॉक्टर व्हायचं होतं, नीटमध्ये राहून गेलं’ हे लपवायची गरज नाही, पण तेच एकमेव कारण असेल तर समिती विचारणारच, मग इथे का? त्याचं उत्तर आधी स्वतःला मिळालेलं हवं. एसओपी (असे तयार निबंध) विकणाऱ्या दुकानांपासून लांब राहा. ते तुमच्या रात्रीतला साप काढून टाकतात आणि ‘पॅशन’ भरतात.

परीक्षांचं थोडक्यात. काही कॉलेजं जीआरई (पदव्युत्तर प्रवेशाची सर्वसाधारण परीक्षा) मागतात, काही पीए-कॅट (पीए प्रवेशासाठीची परीक्षा), काही काहीच नाही. परदेशी पदवी असेल तर टोफेल ही इंग्रजीची परीक्षा बऱ्याच ठिकाणी लागते. काही ठिकाणी प्रसंग देऊन ‘तुम्ही काय कराल’ विचारणारी ऑनलाइन चाचणी असते. मुलाखतीत एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जात छोटे छोटे प्रसंग हाताळायचे, असा एक प्रकार प्रचलित आहे. मोठ्यानं विचार करण्याचा सराव करा. आपल्याला बरोबर उत्तर पाठ करून सांगायची सवय असते, आणि इथे तर अनेक प्रश्नांना बरोबर उत्तरच नसतं.

पैसा

फक्त ट्यूशन फी एक लाख डॉलरच्या आसपास जाणं नेहमीचं आहे. राहणं-खाणं वेगळं, आणि अभ्यास इतका घट्ट असतो की सोबत नोकरी करणं बहुतेकांना जमत नाही. दुसऱ्या बाजूला, सरकारी आकडेवारीनुसार २०२३ मध्ये अमेरिकेतल्या पीएंचा मधला वार्षिक पगार १,३०,०२० डॉलर होता. हा हिशोब तिथे राहून नोकरी करणाऱ्याचा आहे. ग्रीन कार्ड असेल तर गणित बसतं. एच-४ वर असाल तर पदवी मिळेपर्यंत वर्क परमिटची शक्यता काय, हे नवऱ्यासोबत कागद पुढ्यात घेऊन तपासा. विद्यार्थी व्हिसावर गेलात तर पदवीनंतर साधारण १२ महिने काम करता येतं, पुढे कंपनीनं व्हिसा प्रायोजित करावा लागतो. शेती गहाण टाकून या वाटेला जायचा विचार असेल, तर मी स्पष्ट सांगते, जाऊ नका. ही पदवी घेऊन परत आलात तर भारतात स्वतंत्र प्रॅक्टिस करता येत नाही, आणि इथल्या पगारातून ते कर्ज फिटणार नाही.

बारावी झालेल्या आणि देशातच राहू इच्छिणाऱ्या मुलांसाठी भारतातला पीए अभ्यासक्रम आहे. इंटर्नशिप धरून साधारण चार वर्षांचा. २०२१ च्या केंद्रीय कायद्यानं संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग झाला आणि फिजिशियन असोसिएट (म्हणजे पीएच) हा व्यवसाय त्याच्या परिशिष्टात आला. फी भरण्याआधी कॉलेजचं विद्यापीठ कोणतं आणि राज्य परिषदेची मान्यता आहे का, ते कागदावर बघून घ्या.

पहिल्या वर्षी नकार आला तर? पुष्कळांना येतो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करणारेही पुष्कळ असतात. काही कॉलेजं विचारल्यावर कारण सांगतात, जरूर विचारा. मात्र तीच फाइल तशीच पुन्हा पाठवू नका. समिती जुनी फाइल बघू शकते. वर्षभरात तास वाढवा, कम्युनिटी कॉलेजात एखादा अवघड विषय घेऊन चांगली ग्रेड आणा, निबंध पूर्ण नव्यानं लिहा, आणि अर्ज चक्र उघडल्यावर पहिल्या दोन महिन्यांत पाठवा. ज्या कॉलेजांच्या अटीत तुम्ही मुळातच बसत नव्हता ती यादीतून काढा. ती फी वाचेल, आणि तिच्यात आणखी एका योग्य कॉलेजचा अर्ज होईल.